नावेचा रुपया

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळ आलं. ज्वारी वाळून उभी होती. दाणा भरलेला, टपोरा, आणि वर दक्षिणेकडून ढग सरकत होते. या दिवसांत एक सर पडली तरी दाणा काळा पडतो. मग व्यापारी मूठभर घेतो, फुंकर मारतो आणि काही न बोलता परत पोत्यात टाकतो. मी ते दोनदा बघितलं आहे.

आमचं चार एकर रान मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेपासून कोसभर आत. काढायला माणसं तीन: मी, माझी बायको सोनाबाई आणि सून मुक्ता. मुलगा मानसिंग अकलूजकडं कारखान्याच्या उसाच्या गाडीवर ड्रायव्हर. कारखाना बंद होईपर्यंत त्याला सुटी नाही. नातू पृथ्वीराज नोव्हेंबरात अग्निवीर म्हणून फौजेत गेला. मागच्या साली याच रानात त्यानं एकट्यानं दोन माणसांचं काम ओढलं होतं.

आमच्याकडं ज्वारी कापत नाहीत, उपटतात. खाली वाकून ताट बुडख्याशी धरायचं, कमरेतून ओढायचं, मुळाची माती पायावर आपटून झाडायची आणि मागं टाकायचं. पहिल्या दिवशी तळहात लाल होतात, दुसऱ्या दिवशी फोड येतात, तिसऱ्या दिवशी फोड फुटतात. मुक्तानं बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. संध्याकाळी त्या सोडताना ती दात आवळून धरायची. तीन दिवसांत आमचं एक एकरसुद्धा झालं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी शिवबाईच्या वस्तीवर गेलो. तिची आठ बायकांची टोळी. दारात बसून ती मिसरी लावत होती.

"या तात्या. कंबर धरली का?"

"धरली. टोळी दे."

"देती की. बाईला रोज पाचशे. रोख. दिस मावळायला हातात."

"मजुरीला पेंढ्या घे की. पूर्वी पेंढ्यांवरच काढत होतो."

"पेंढ्या काय करू? दारात शेरडू न्हाय माज्या. कडबा मी खाऊ?" आतल्या बायका हसल्या. "आन तुमाला वो काय कमी? नातू लष्करात. म्हैन्याला पगार, चार वरसांनी लाखात मिळत्यात म्हणं. आमी आपलं पाचशे मागतुया तर म्हातारं तोंड वाकडं करतंय."

ती म्हणत होती ते खरंच होतं. पृथ्वीराजचे तीन पगार त्याच्या खात्यात पडून होते. त्यातला एक रुपया त्यानं काढला नव्हता आणि आम्हीही मागितला नव्हता. कारण सोनाबाईनं शपथ घातली होती.

ही शपथ आली कुठून, ते सांगायला माझ्या आजीपासून सुरुवात करावी लागेल. आजीचं नाव निंगव्वा. तिचा थोरला मुलगा बिरदेव, म्हणजे माझा चुलता, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी घरात न सांगता सोलापूरला जाऊन भरती झाला. भरती होणाऱ्याला तेव्हा सरकार हातावर रोकडा पैसा ठेवत असे. चुलत्यानं ते रुपये गावच्या माणसाबरोबर आईला पाठवले. किती, ते कुणी दहा सांगतं, कुणी पंधरा. आजीनं रुपये बघितले आणि चूल न पेटवता सोलापूरची वाट धरली. पैसे परत देऊ आणि पोरगं घेऊन येऊ, एवढाच तिचा हिशेब.

वाटेत बेगमपूरला भीमा. आता तिथं पूल आहे, तेव्हा नाव होती. आजीजवळ दुसरा पैसा नव्हता. नावाडी फुकट नेईना. काठावर दुपारपर्यंत बसून शेवटी तिनं त्यातला एक रुपया मोडला. नावेचं भाडं दिलं आणि उरलेली चिल्लर पदरात बांधली.

सोलापुरात भरतीच्या तंबूपुढं तिनं पदराची गाठ सोडली. तिथल्या कारकुनानं रुपये बोटानं बाजूला सारले, चिल्लर बघितली आणि शेजारच्याकडं बघून डोळा मारला. म्हणाला, "बाई, आम्ही रुपये दिलेवते, ही चिल्लर कुटली? सरकारचा पैसा मोडलास. आता न्हाय पोरगं परत मिळायचं. तो रुपया घिऊन ये, मग बघू."

आजी आली तशी परत बेगमपूरला गेली. नावाड्यानं तो रुपया कधीच कुणाला तरी दिला होता. त्यानंतर वर्षभर ती बाजाराच्या दिवशी काठावर जायची आणि नावाड्याला विचारायची. त्यानं तिला दुसरा रुपया देऊ केला, तर म्हणाली, "ह्यो न्हवं."

चुलता आला नाही. तार आली. उरलेले रुपये आजीनं सोनाराकडून वितळवून त्यांचा बिरोबाचा टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेली मूर्ती, केला. सोनार म्हणाला, निम्मं तांबंच आहे, सरकारनं चांदीतही हात मारला. तो टाक आमच्या देवघरात आहे. आणि तेव्हापासून घरात नियम: सरकारनं शिपायाला दिलेला पहिला पैसा मोडायचा नाही. जोवर मोडत नाही तोवर माणूस परत येऊ शकतो.

पृथ्वीराज निघाला त्या दिवशी सोनाबाईनं तोच टाक घटकाभर त्याच्या हातावर ठेवला आणि सांगितलं, "पयला पगार मोडायचा न्हाय. माजी आण हाय."

संस्कृती, म्हणजे धाकटी नात, अकरावीला आहे. ती म्हणाली, "आजी, खात्यात सगळे पैसे एकत्र होत्यात. पहिला कुठला आणि दुसरा कुठला ते बँकेला पण सांगता यायचं नाही."

सोनाबाईनं जरा विचार केला. "मंग सगळंच तसंच ऱ्हाऊ दे."

शिवबाईच्या दारातून मी तसाच रानात परत आलो. सोनाबाईनं उपटायच्या ओळीतून, पातीतून, मान वर करून बघितलं.

"काय म्हणली?"

"रोख मागती. रोजचे चार हजार, तीन दिवस."

"मग आपूनच काढू." ती परत वाकली. "त्या पैशाचं नाव काढू नगा."

वारा पडला होता. आभाळ खाली आल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी पृथ्वीराजच्या ट्रेनिंग सेंटरला मुलांना दुपारी फोन देतात आणि पाच वाजता परत घेतात. संस्कृती घरून भाकरी घेऊन आली, पण टोपलं मुक्ताकडं देऊन मला म्हणाली, "आबा, विहिरीकडं चला. पाणी काढून द्या." घागरीत पाणी होतं. मी गेलो.

विहिरीच्या काठावर तिनं सांगितलं. "दादाचा फोन आलावता. आईला आन आजीला सांगू नको म्हणलाय."

"काय झालं?"

"पळायच्या टेस्टला नापास झाला. नडगी सुजलीय. घरून नेलेल्या बुटाचा तळ फाटलाय, आन पळायचा सराव त्यातच करतोय. शिकवणारे उस्ताद दोनदा म्हणाले, कँटीनमधून चांगले बूट घे. सगळ्यांनी घेतले. हा घेत नाही."

"का?"

"पैसे मोडायचे नाहीत म्हणून." तिचे डोळे भरले. "दूध पण घेत नाही, आबा. पोरं संध्याकाळी कँटीनला दूध, अंडी खात्यात. हा खोलीवर बसतोय. पोरांना सांगतोय, मला उपास हाय."

हातातली घागर मी खाली ठेवली.

"परत टेस्ट कधी?"

"येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या. त्यात पण नाही झालं तर मागच्या बॅचला टाकतील. आन तिथं पण नाही झालं तर घरी. आबा, तो रडत होता. त्याला नाही यायचं परत."

उन्हाची तिरीप ढगातून आली आणि गेली. किती वाजले ते मी तिला विचारलं. दीड.

लिंबाखाली सोनाबाई आणि मुक्ता जेवायला थांबल्या होत्या. मी सोनाबाईसमोर बसलो. भाकरी हातात घेतली, पण तोडली नाही.

"मला एक सांगायचं हाय," मी म्हणालो.

"जेवा आदी."

"न्हाय. आदी ऐक. मी भरतीला गेलतो, त्याचं हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. एकाहत्तर साली मी वीस वर्षांचा होतो. सोलापुरात भरती होती, त्यात मी पास झालो. सेंटर लांब, दोन दिवसांची गाडी. सरकारनं रेल्वेचा पास दिला आणि वाटेत खाण्यासाठी दहा रुपयांची नोट दिली. आजीनं माझा हात धरून सांगितलं, नोट मोडू नगंस. मी मोडली नाही, सेंटरला परत दिली, म्हणून सरकारनं मला सोडलं. आजी मरेपर्यंत हे गावभर सांगत होती. सोनाबाई लग्न करून आली तेव्हा तिलाही पहिल्या महिन्यात हेच सांगितलं होतं.

"मला सरकारनं सोडलं न्हवतं," मी म्हणालो. "मला काढलं. वजन कमी भरलं म्हणून."

"वजन? सोलापुरात तर पास झालावतासा."

"सोलापुरात भरलं. पण गाडीत दोन दिस मी काय खाल्लंच न्हाय. नोट मोडायची न्हवती ना. टेशनात नळाचं पाणी प्यायलो. शेजारची पोरं पुरी खात व्हती, मला बोलवत व्हती. मी म्हणलं, माजा उपास हाय. तितं पोचलो तर डोळ्याफुडं अंधारी. काट्यावर उभा ऱ्हायलो, डाक्तरनं आकडा बघितला आन कागदावर फुली मारली."

मुक्ता घास हातात धरून थांबली होती.

"पर पैसं परत केलं की तुमी," सोनाबाई म्हणाली.

"न्हाय केले. कुणी मागितलेच न्हाईत. मी बाहेर आलो, टेशनावर गेलो आन पयल्यांदा ती नोट मोडली. पुरीभाजी खाल्ली. दोन वेळा घेतली. आजीला सांगितलं, परत दिली."

एक होला लिंबात घुमत होता.

"पन्नास वरसं," सोनाबाई म्हणाली. "पन्नास वरसं हे पोटात ठेवलंसा?"

"लाज वाटत व्हती. आजी सगळ्यांना सांगत सुटली की माज्या शब्दानं नातू परत आला. मी काय सांगू, मी भुकेनं आलो म्हणून? सगळा गाव हसला असता."

"आन मी ह्यावर पोराला आण घातली."

"तुजी चूक न्हाय."

"मग बिरदेव मामंजी?" तिचा आवाज बदलला. "त्यांचा रुपया मोडला म्हणूनच ते..."

"लढाई व्हती म्हणून गेले ते. रुपया मोडला म्हणून न्हाय. त्यो कारकून चेष्टा करत व्हता, अगं. एका बाईची चेष्टा केली आन इसरून गेला. आपून घर धरून बसलो."

मग मी तिला पृथ्वीराजचं सांगितलं. बूट, नडगी, दूध. उपास हा शब्द ऐकल्यावर तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि उठली. तिचे गुडघे वाजले.

"कुटं हाय त्यो फोन?"

रानात रेंज मिळत नाही. विहिरीच्या काठावर मिळते, तीही एखादी काडी. संस्कृती हात वर करून उभी. तीन वेळा फोन लागला नाही. चौथ्यांदा लागला आणि तुटला. सोनाबाई तिच्याभोवती फिरत होती.

"पाचला काडून घेत्यात ना? किती वाजलं?"

"अडीच, आजी. दम धर."

"त्या बांधावर चड की."

संस्कृती बांधावर चढली. फोन लागला. तिनं आवाज मोठा करून आजीच्या तोंडापाशी धरला.

"पृथ्वी?"

"हां आजी. जेवलीस का?"

"तू काय खाल्लंस ते सांग."

"मेसमधी जेवलोय की. डाळ, भात, चपाती."

"आन दूध?"

तिकडून हळूच, "संस्कृती, सांगितलंस व्हय तू?"

"तिला काय बोलतुयास? माज्याशी बोल. बूट घे उद्या. चांगलं घे. म्हाग असलं तरी घे."

"आजी, तुझी आण..."

"आण मी घातलीवती, मीच काडती. ऐकतुयास का? मोड तो पैसा. दूध घे, अंडी खा, काय दिसंल ते खा. पाय दावलास का डाक्तरला?"

"दावलाय. चार दिवस पळू नको म्हणलेत. आजी, आण काढली तर माझं काय व्हणार न्हाय ना?"

सोनाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"काय व्हत न्हाय," ती म्हणाली. "तुजा आबा नोट मोडून पुरी खाऊन आला, त्याला काय झालं?"

"काय?"

"सुट्टीला आलास की सांगंल तुला. आन हितं आईच्या खात्यावर बारा हजार टाक. ज्वारी काढायची हाय. पोरा, पैसा कमावलास तू, आन हितं आईच्या हाताला चिंध्या."

मुक्ता तोंडाला पदर लावून मागं वळली. तिकडून पृथ्वीराजचा आवाज आला, आणि त्यात हसू होतं. तीन महिन्यांत मी तसा आवाज ऐकला नव्हता.

"टाकतो, आजी. लगेच टाकतो."

टाकलेही. संस्कृतीनं मेसेज मला दाखवला. अक्षरं मी पंचेचाळिशीत शिकलो, त्यामुळं वाचायला वेळ लागतो. मी एकेक शब्द वाचला. माझ्या चुलत्याला चांदी मिळाली, मला कागद मिळाला, नातवाच्या वेळी नुसता आकडा. पण हा आकडा घरी लागलीच आला, कुणाला नदी ओलांडावी लागली नाही.

सोमवारी उजाडायला शिवबाईची टोळी रानात होती. आठ बायका एका ओळीत वाकल्या की रान कसं उघडं होतं ते बघण्यासारखं असतं. शिवबाईचं तोंड हातापेक्षा जोरात चालायचं.

"तात्या, सरका बाजूला. तुमची पात इतकी मागं, तितं कोल्ही विल्यात."

"मी पंच्याहत्तरीला आलो, शिवबाई."

"मग बसा की बांधावर. पैसा नातवाचा, काम आमचं, तुमी फकस्त नजर ठेवा."

तिन्ही दिवशी संध्याकाळी सोनाबाई स्वतः बांधावर बसली. मुक्ता मंगळवेढ्याहून पैसे काढून आणत होती, पण वाटायचं काम सोनाबाईनं कुणाला दिलं नाही. पहिल्या दिवशी पहिली पाचशेची नोट तिनं जरा वेळ हातात धरली. उलटी केली, सुलटी केली.

"खोटी हाय का, वैनी?" शिवबाई म्हणाली.

"न्हाय. खरी हाय." आणि तिच्या हातावर ठेवली.

बुधवारी रात्रीच्या आत पेंढ्या बांधून, कणसं वर करून बुचाडं, म्हणजे पेंढ्यांचे उभे ढीग, लावली, वर ताडपत्री ओढली. गुरुवारी चार थेंब आले. ताडपत्रीवर टपटप वाजले आणि थांबले. शुक्रवारी आभाळ स्वच्छ.

पुढचा रविवार आला. पृथ्वीराज म्हणाला, बूट घेतलेत, सूज उतरली, सावकाश पळतोय. मी त्याला जास्त काही विचारलं नाही. त्यानंतरचा आठवडा लांब गेला. कणसं मोडली, मळणीचं यंत्र येऊन गेलं, अंगभर कुसळं खाजत होती. शनिवारी सकाळी सोनाबाई देवघरापुढं बसली होती. टाक तिनं पुसून जागेवर ठेवला. काही मागितलं की नाही, मला माहीत नाही.

रविवारी दुपारी फोन आला तेव्हा आम्ही सगळे अंगणात होतो. मानसिंगसुद्धा आला होता. गाडी बिघडली म्हणून त्याला एक दिवस मिळाला. संस्कृतीनं फोन मध्ये ठेवला.

"झालो पास," पृथ्वीराज म्हणाला. "सोळा सेकंद राखून."

मानसिंगनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुक्ता "काय म्हणला? काय म्हणला?" असं विचारत राहिली, तिनं ऐकलं होतं तरी. सोनाबाई एवढंच म्हणाली, "पाय दुकतुय का?"

"न्हाय आजी. थोडा."

"न्हाय का थोडा?"

"थोडा."

"मग आज पळू नगंस."

सगळे हसलो. मी भिंतीला टेकलो. छातीतलं काहीतरी, जे मी एका रेल्वे स्टेशनावर पुरीच्या घासाबरोबर गिळलं होतं, ते हलकं झाल्यासारखं वाटलं. परत आलो याची लाज मला आयुष्यभर वाटली. पण पृथ्वीराज तिथं राहिला.

संध्याकाळी नव्या ज्वारीच्या भाकरी झाल्या. नव्या दाण्याची भाकरी गोड लागते, चूल धरली की वास ओटीपर्यंत येतो. मी ताटावर बसलो. सोनाबाईनं पापुद्रा सुटलेली भाकरी, वर पिठलं आणि ठेचा वाढला आणि समोर बसली. एरवी ती वाढून झालं की उठते, बसत नाही.

"त्या गाडीत," ती म्हणाली, "भूक लई लागलीवती?"

पन्नास वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. कारण कुणाला माहीतच नव्हतं.

"लई," मी म्हणालो.

तिनं तव्यावरची दुसरी भाकरी उचलली, माझ्या ताटात अर्धी उरलेली असताना तिच्यावर ठेवली आणि बोटानं दाबली.

"खावा. तवा गाडीत ऱ्हायलेलीबी खावा."